आडवी लावलेली गाडी

माझ्या मेहुण्याला आमची खालची गल्ली दवंड्या म्हणते. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. नगरपालिकेची एक जुनी गाडी, तिच्या टपावर दोन कर्णे बांधलेले, आत हा एकटा. गाडी हाच चालवायचा, माईकवर हाच बोलायचा. "उद्या नळाला पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा." असं सांगत गावभर फिरायचं, ही त्याची नोकरी.

माझी नोकरी नाल्यांतला आणि नदीतला गाळ उपसण्याची होती. बसून बोलण्याला मी काम म्हणत नसे. बायकोला म्हणायचो, "तुझ्या भावाला घाम येतो तो फक्त गाडीतला पंखा बंद पडला तर." ती म्हणायची, "तुम्हाला अंगावर चिखल असल्याशिवाय माणूस दिसतच नाही."

पण त्याची एक पद्धत होती, ती मी पुढे पाहिली आणि मानली. कार्यालयातून मजकूर मिळाला की तो लगेच निघत नसे. आधी बघून यायचा. पाणी बंद असं लिहिलेलं असेल तर टाकीवर जाऊन तिथल्या माणसाला विचारायचा, "खरंच बंद करणार ना?" रस्ता खोदणार असतील तर टिकाव-फावडी आलीत का ते पाहायचा. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून इंजिन बंद करायचा आणि मग बोलायचा. चालत्या गाडीतून अर्धं वाक्य या दाराला आणि अर्धं त्या दाराला, असलं काम त्याने केलं नाही. बोलून झालं की उतरून कुठल्यातरी घरी पाणी मागायचा.

मी एकदा विचारलं, "एवढी तहान लागते?"

"तहान नाही दाजी. खोटं निघालं तर उद्या याच दारात पाणी मागायचंय, एवढं ध्यानात राहतं."

त्यामुळे दवंड्या बोलला की गल्लीत हंडे भरले जायचे. नळावर जाऊन खात्री कोणी करत नसे. ती त्याने केलेली असायची.

मग गावात नवे साहेब निवडून आले. गल्लीने त्यांचं नाव हिरवे साहेब ठेवलं. त्यांचे फलक हिरवे, गाडी हिरवी, खांद्यावरचं कापड हिरवं. रस्त्याकडेची झाडं तेवढी त्यांच्याच काळात गेली, रुंदीकरणात. साहेबांच्या भाषणात निसर्ग पहिल्या वाक्यात यायचा आणि शेवटपर्यंत उठायचा नाही.

त्यांनी प्रसिद्धी विभागात मजकूर लिहायला एक बाई आणल्या. बाई शिकलेल्या, बोलायला गोड, कामात चोख. पूर्वी दवंड्याला चिठ्ठी मिळायची ती अशी: कारखान्याचं पाणी नदीत सुटलं आहे, जनावरांना पाजू नका. बाईंच्या हातून तोच निरोप असा आला: "आपल्या नदीची प्रकृती सध्या नाजूक आहे. तिला काही दिवस विश्रांती देऊ या."

दवंड्याने ते गल्लीच्या तोंडाशी वाचलं. समोर इस्त्रीवाल्या काकू दारात कपड्यांवर पाणी शिंपडत होत्या. त्या म्हणाल्या, "नाजूक आहे तर दवाखान्यात न्या तिला. आम्हाला काय सांगतोस?"

"काकू, जनावरं पाण्यावर नेऊ नका."

"मग तसं बोल ना. विश्रांती म्हणे. मला वाटलं नदी माहेरी गेली."

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला आला होता. म्हणाला, "मी बाईंना विचारलं दाजी, कारखाना कुठे गेला यातला? तर म्हणाल्या, कारखाना लिहिला की भांडण सुरू होतं. नदी आजारी म्हटलं की लोक हळहळतात. हळहळणारी माणसं भांडायला येत नाहीत."

"हसल्या का सांगताना?"

"नाही ना. आपण भाताला पाणी किती घालायचं ते सांगतो ना, तसं सांगितलं."

मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं. लबाडी करणारा माणूस ओळखता येतो, त्याची नजर हलते. ही बाई आपलं काम नीट करत होती.

त्यानंतर नदीला आजार, राग, रुसवा, सगळं व्हायला लागलं. उन्हाळ्यात पाणी कमी सुटलं की निसर्ग रुसला. मासे मेले की नदी दुःखात आहे. मी तीस-पस्तीस वर्षं त्या नदीत कमरेपर्यंत उभा राहिलो. दुःख मला कधी सापडलं नाही. गाळ सापडला, बाटल्या सापडल्या, एकदा शिवणयंत्राचं पायडल सापडलं. बायको म्हणायची, "तुम्ही नीट बघितलं नसेल."

मग मोहीम आली. नाव 'नदीला वाट द्या'. साहेब चौकात म्हणाले, "नदी आपली आई आहे. आई आज गुदमरते आहे. आईच्या छातीवर कोणी घर बांधतं का? ती आपली जागा परत मागते आहे." छातीवरचं घर म्हणजे आमची गल्ली. गल्लीतली घरं आमच्या बापांनी बांधली, तेव्हा काठ बराच लांब होता. नदी जवळ आली ती पलीकडून ढकलल्यामुळे. पलीकडच्या काठाला साहेबांनी भराव टाकून मोठी भिंत घेतली होती, भिंतीवर हिरवळ, हिरवळीवर बाकं. त्याचं नाव हरित किनारा. पात्रात माती टाकली तर तो किनारा हरित, आणि आमची घरं म्हणजे गुदमरणं.

काकू भाषण ऐकून घरी येताना म्हणाल्या, "आई आहे ना? मग त्या बाजूने तिच्या कुशीत भिंत कोणी घातली? लेकराने?"

गल्लीला नोटिसा आल्या. रस्त्याच्या कडेला एक जेसीबी येऊन उभा राहिला. चालक त्यातच जेवायचा, त्यातच झोपायचा. कोणाच्या आदेशाची वाट बघतो ते सांगायचा नाही. म्हणायचा, "मी काय, भाडोत्री माणूस." पोरं त्याच्याकडे बघत राहायची आणि बायका पोरांना आत ओढायच्या. गल्लीतून कोणी बाहेरगावी जाईना. घर सोडलं आणि मशीन फिरलं तर? लग्नाकार्याला घरातलं एकच माणूस जायचं, बाकीचे उंबरठ्यावर.

आणि या मोहिमेची दवंडी पिटायला कोण, तर माझा मेहुणा.

रोज यायचा. गाडीत आता नवं यंत्र बसवलं होतं. बटण दाबलं की आधी मोहिमेची धून वाजायची, मगच माईक चालू व्हायचा. धून बंद करायची सोय नव्हती. धून संपली की तो वाचायचा, "नदी आपल्या भेटीला येत आहे. तिला वाट द्या. काठ रिकामा करा." इंजिन बंद करायचं त्याने सोडलं होतं. थांबायचा नाही. पाणी मागायला उतरायचा नाही.

एक दिवस मीच गाडी थांबवली. "तू आधी बघून यायचास ना रे? हे कुठे बघून आलास?"

"कुठे बघू दाजी? नदीला जाऊन विचारू, गुदमरतेस का म्हणून?"

"मग कशाला बोलतोस?"

"मी वाचतो. बोलत नाही."

"आम्हाला दोन्हीचा आवाज सारखाच येतो."

त्याने गाडी पुढे घेतली. घरी दोन मुलं, बायको, कमावता हा एकटा. मला ते ठाऊक होतं. पण घर माझंही एकच होतं. त्या दिवसापासून माझ्या बायकोने भावासाठी चहा टाकणं बंद केलं. गल्लीत बोलणं सुरू झालं की याला कार्यालयातून नवीन वस्तीत खोली मिळणार आहे. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. पण खोटंही म्हटलं नाही.

हरित किनाऱ्याचं उद्घाटन ठरलं तेव्हा वरच्या भागात पाऊस लागून राहिला होता. आमच्याकडे नुसतं ढगाळ. उद्घाटनाच्या सकाळी आम्ही काठावर उभे राहून पलीकडचा मंडप बघत होतो. नदीत उतरायच्या नव्या पायऱ्या अगदी खालपर्यंत कोरड्या होत्या, पाहुणे त्यावर बसून फोटो काढत होते.

काकू म्हणाल्या, "वर एवढा पाऊस, आणि नदी अशी आटल्यासारखी कशी?"

मलाही ते खटकलं होतं. नदी वरून भरून येत असेल आणि खाली दिसत नसेल तर मधल्या बंधाऱ्याने ती धरलेली असते. यात विशेष काही नाही, गल्लीतलं पोरही सांगेल. पण का धरली आहे आणि किती वेळ धरतील, हे सांगणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "पाहुण्यांचे बूट भिजायला नकोत म्हणून असेल." सगळे हसले. मी गमतीने म्हटलं होतं.

दुपारी मंडप रिकामा झाला. जेवणं होऊन आम्ही दारात टेकलो होतो, तेवढ्यात ती धून ऐकू आली. नेहमीपेक्षा मोठी. मग दवंड्याचा आवाज, "नदी आपल्या भेटीला येत आहे. तिला वाट द्या." नेहमीचेच शब्द. फरक एवढाच की तो ओरडत होता.

मी म्हटलं, "आली बघ रोजची पाहुणी." बायकोने दार ओढून कडी घातली. गल्लीभर कड्यांचे आवाज झाले, पुढचं कोणी ऐकलं नाही.

धून पुन्हा वाजली, मग अर्ध्यात तुटली. थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

"ताई, दार उघड. पाणी सोडलंय."

कर्ण्याशिवाय त्याला ओरडताना गल्लीने ऐकलं नव्हतं. बारीक, घोगरा आवाज आहे. मोठा तो कर्ण्यामुळे व्हायचा.

बायको आतूनच म्हणाली, "कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही. बंधाऱ्यावरून येतोय. दरवाजे वर घेताना बघितले मी."

मी दार उघडलं, पण उंबऱ्यात उभा राहिलो. "कालही नदी येत होती. परवाही येत होती. कुठवर आली ते कळलं नाही."

"काल मी वाचत होतो दाजी."

"आणि आज?"

"आज बाईंचा फोन आला, कालचाच मजकूर घे, पण जोरात सांग. जोरात का विचारलं तर फोन ठेवला. म्हणून वर जाऊन आलो. तिथला चौकीदार म्हणाला, सकाळपासून फोन चालले होते, थांब, थांब, कार्यक्रम होऊ दे. आता म्हणे सगळेच दरवाजे उचल. जमेल तेवढं सामान उचला आणि शाळेवर चला."

एव्हाना काकू बाहेर आल्या होत्या. हातात इस्त्री तशीच. "वा रे वा. आम्ही शाळेवर गेलो की ते मशीन खाली उतरेल. एवढ्याचसाठी तर महिनाभर नदीला बोलावताय तुम्ही लोक. तुझ्या बघण्यावर मी घर सोडू?"

"काकू, मी कधी खोटं सांगितलं?"

"हा महिनाभर काय करत होतास मग? गाणी म्हणत होतास?"

बाकीच्या दारांतूनही माणसं ऐकत होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारायला धावलं नाही. नुसती बघत होती. त्याने शपथ घेतली नाही. मुलांची नाही, आईची नाही. मला वाटतं, घेतली असती तर मीसुद्धा दार लावून घेतलं असतं. त्याने वळून रस्त्याकडे, त्या जेसीबीकडे पाहिलं. चालक काचेतून इकडेच बघत होता.

मग दवंड्या गाडीकडे गेला आणि त्याने गाडी गल्लीच्या तोंडात घातली.

आमच्या गल्लीचं तोंड अरुंद आहे. एका बाजूला शिंप्याची भिंत, दुसऱ्या बाजूला काकूंची. तेवढ्या जागेत त्याने गाडी आडवी करायला घेतली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. त्या गाडीचं स्टिअरिंग जड, दोन्ही हातांनी लोंबकळून वळवावं लागतं. आरसा शिंप्याच्या भिंतीला घासून तुटला. मागचा पत्रा काकूंच्या भिंतीत रुतला. गच्च बसल्यावर तो उतरला, गुडघे टेकून एकेका चाकातली हवा सोडली. खिळ्याने व्हॉल्व्ह दाबून धरावा लागतो, बोट सोलून निघतं. चारही चाकं होईपर्यंत तो उठला नाही. कामात मी चूक शोधणारा माणूस आहे. त्यात सापडली नाही.

मग आत येऊन त्याने चावी बहिणीच्या हातात दिली.

"ही ठेव. आता मशीन आत यायचं तर आधी सरकारी गाडी मोडावी लागेल. घर मोडायला ते घाबरत नाहीत ताई. सरकारी गाडी मोडायला घाबरतात."

बायकोने चावीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि तुझी नोकरी?"

"चल आधी."

ती आत वळली आणि तिने कपाटावरची कागदपत्रांची पेटी काढली. ते बघून शेजारीण आत पळाली, तिच्यामागे सगळी गल्ली.

गाडी आडवी, मग माणसं बाहेर कशी पडणार? गाडीतून. दोन्हीकडची दारं त्याने उघडून ठेवली होती. एका दाराने चढायचं, सीटवरून सरकायचं, दुसऱ्या दाराने रस्त्यावर उतरायचं. म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, गाद्या, भांडी, शिंप्याची यंत्रं, सगळं त्या गाडीच्या पोटातून गेलं. दवंड्या आत वाकून उभा, हात देत होता. काकू चढताना म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा सरकारी गाडीत बसतेय, ती पण उतरायला." मग तिथेच थांबून म्हणाल्या, "खोटं निघालं ना, तर ही इस्त्री तापवून ठेवीन."

"ठेवा काकू. खोटं निघालं तर मी स्वतः येतो."

खोटं निघालं नाही. आम्ही शाळेच्या गच्चीवर पोचून पोरं मोजतोय तोवर गल्लीत पाणी शिरलं. आवाज मोठा नव्हता. भांडी एकमेकांवर आपटावीत तसा. आधी आमच्या पायऱ्या गेल्या, मग खिडक्या, मग त्या गाडीचा पत्रा दिसेनासा झाला. कर्णे तेवढे वर राहिले. माणूस एकही गेलं नाही. सामान फार गेलं.

पाणी उतरल्यावर गाळ राहिला. दुसऱ्यांचा गाळ उपसून निवृत्त झालो होतो, आता घरचा उपसला. आम्ही उपसत असतानाच हिरवे साहेब लांब बूट घालून रस्त्यापर्यंत आले. आत यायला गाडी आडवी होती, तिच्या पोटातून सरकणं त्यांना जमलं नाही. मग बाहेरूनच बोलले. "हा निसर्गाचा कोप आहे. निसर्गापुढे आपण सगळे हतबल आहोत. नदीनेच कौल दिला आहे, तिने आपली जागा परत घेतली."

काकूंनी फावडं टेकवलं. "घेतली तर मग परत का गेली? राहायचं होतं."

साहेबांना ऐकू गेलं नसावं.

दोन-चार दिवसांनी दवंड्याला कार्यालयात बोलावणं आलं. गल्लीत लगेच सुरू झालं. कोणी म्हणालं, आता याला काहीतरी देतील आणि गप्प करतील. कोणी म्हणालं, हा त्यांचाच माणूस, गल्ली रिकामी करून दिली ना त्याने. ज्याने हात धरून बाहेर काढलं त्याच्याबद्दल हे. पण मी त्यांना दोष देत नाही. महिनाभर ज्या आवाजाने घर सोडायला सांगितलं, तो आवाज एका दुपारात धुऊन निघत नाही. मी त्याच्यासोबत गेलो, ते धीर द्यायला नाही. बघायला.

मोठ्या अधिकाऱ्यांची खोली. खिडकीत कुंड्या, भिंतीवर नदीचं चित्र, निळंशार. अधिकारी खुर्चीत, बाजूला मजकूरवाल्या बाई. मला कोणी बस म्हटलं नाही, मी दाराशी उभा राहिलो.

अधिकारी म्हणाले, "गाडी तू बुडवलीस. सरकारी मालमत्ता आहे. समजतं का?"

मी तिथे उभा राहून विचार करत होतो. आमची घरं निसर्गाने बुडवली. त्यात माणसाचा हात नव्हता, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी मात्र माणसाने बुडवली. पाणी एकच, दिवस एकच, गल्ली एकच.

दवंड्या म्हणाला, "समजतं साहेब."

मग अधिकाऱ्यांचा सूर बदलला. "घाबरू नकोस. बाईंनी जबाब तयार केलाय. वाचा हो."

बाईंनी वाचलं. नदीने अचानक रौद्र रूप धारण केलं, कोणालाही पूर्वकल्पना नव्हती, कर्तव्य बजावत असताना वाहन नैसर्गिक आपत्तीत सापडलं.

"सही कर, विषय संपला," अधिकारी म्हणाले. "नोकरी राहील. दुसरी गाडी मिळेल. तेवढं त्या गल्लीत एकदा फिरून हेच सांगायचं. तुझं ऐकतात ते लोक."

बाईंनी पेन पुढे केलं. दवंड्याने कागद घेतला आणि सावकाश वाचला. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. सोललेल्या बोटाला अजून चिंधी बांधलेली होती. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की तो सही करेल. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

तो म्हणाला, "साहेब, गाडी सापडली नाही. मी आडवी लावली. हवाही मीच काढली."

"अरे, तुलाच सोडवतोय आम्ही यातून."

"हो ना. पण यात मी सुटलो की दरवाजे उचलणारेही सुटतात. दोघांना एकच निसर्ग पुरतो." त्याने कागद टेबलावर ठेवला. "माझा जबाब मी सांगतो, तसा लिहा. गाडी मी आडवी लावली. दरवाजे कार्यक्रमासाठी धरून ठेवले आणि दुपारी एकदम उघडले, म्हणून लावली."

अधिकाऱ्यांनी कागद बाजूला सारला. मग वैतागून म्हणाले, "निसर्गाच्या नावावर घालायला तुझं काय जातंय? निसर्ग काय तक्रार घेऊन येणार आहे?"

त्या खुर्चीतून त्या दिवशी आलेलं ते पहिलं खरं वाक्य, असं मला वाटलं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "असं लिहिलं तर नोकरी जाईल तुमची." त्यात धमकी नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते पुन्हा लावलं.

"ठाऊक आहे बाई. लिहा."

बाईंनी एकदा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग नवा कागद घेऊन त्यांनी लिहिलं, त्याने सांगितलं तसंच, एकही शब्द न वाढवता. त्याने सही केली. बाहेर आल्यावर तो जिन्यात थांबला. मी दंड धरला. तो म्हणाला, "दाजी, घरी काय सांगू?" मी म्हटलं, "आधी आमच्याकडे चल, तुझ्या ताईने जेवायला थांबवलंय." तिने काही सांगितलं नव्हतं. पण घरी गेलो तर ताट वाढलेलं होतं.

नोकरी गेली. आता तो हातगाडीवर कांदे-बटाटे विकतो. आवाज बारीक, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. काकू म्हणतात, "एवढ्या मोठ्या कर्ण्यातून बोललास, आता कांदे म्हणायला दम लागतो होय?" घेतात मात्र त्याच्याकडूनच, आणि प्रत्येक कांदा दाबून बघून घेतात.

आमची गाडी अजून गल्लीच्या तोंडात आडवी आहे. कार्यालयातून दोनदा माणसं आली. गाडी हलवायची तर ती तिथे का आली, हे लिहावं लागतं. आपोआप वाहून आली म्हणायला दवंड्याचा जबाब आड येतो. जबाब धरला तर दरवाज्यांचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून दोन्ही वेळा माणसं भोवती फिरून, पत्र्यावर हात मारून परत गेली. जेसीबी तिच्यामागे उभाच आहे. चालक बदलला, हाही काही सांगत नाही. आम्ही एका दाराने चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. सवय झाली. सीटवर कोणीतरी गोणपाट टाकलंय, कपडे मळू नयेत म्हणून.

गल्लीतले काही जण अजून म्हणतात की यात दवंड्याचा काहीतरी डाव असणार, एवढं फुकट कोणी करत नाही. तो ऐकतो आणि म्हणतो, "विचारत राहा. मलाही विचारत राहा."

परवा एक तरुण माणूस येऊन गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून गेला. मी विचारलं कशासाठी. तो म्हणाला, किनाऱ्याच्या सुशोभनासाठी, जुन्या वस्तू उचलून नेऊन त्यांत झाडं लावायची योजना आहे. बोलायला गोड होता. तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने गाडीत बसतो. आज काकूंची पाळी आहे.